मोजायला चला, सर

आमच्या गल्लीच्या तोंडापासून माझ्या फाटकापर्यंत एकशे बारा पावलं आहेत. ही कटरे बाबूजींची पावलं. माझी मोजली तर एकशे तीस भरतात, कारण बाबूजींच्या मते मी पंगतीत जागा शोधणाऱ्या माणसासारखा चालतो. गोंदियाजवळ कुडव्यात घर बांधून मला बारा वर्षं झाली होती, तरी आपली गल्ली किती लांब आहे हा प्रश्न मला कधी पडला नव्हता. फाटकाशी स्कूटर सुरू करायची, ती गोंदियाला कॉलेजच्या ग्रंथालयासमोर बंद करायची, आणि मग दिवसभर पुस्तकांच्या राखणीला बसून राहायचं. पायांना यापलीकडे काही काम असतं अशी मला शंकाही आली नव्हती.

खेळांचं आणि माझं तर कधीच जमलं नाही. चेंडू अंगावर आला की माझे डोळे आपोआप मिटायचे, आणि डोळे मिटणाऱ्या गड्याला मैदानात कुठं उभं करावं हे कुठल्याच कप्तानाला कळायचं नाही. कबड्डीत मी बाद झालो की दोन्ही बाजूंना बरं वाटायचं. म्हणून सत्तेचाळिसाव्या वर्षी साखर निघाली आणि डॉक्टर म्हणाले, "एखादा खेळ लावून घ्या, बॅडमिंटन खेळा," तेव्हा मला आजारापेक्षा औषधाचीच धास्ती पडली. बायकोनं पांढरे जोडे आणले. मुलीनं पुण्याहून पावलं मोजणारं घड्याळ पाठवलं. मी सकाळी जोडे घालून निघायचो, चौकातल्या चहाच्या टपरीवर बसायचो आणि चहा पिता पिता डावा हात पाळण्याला झोका दिल्यासारखा हलवत राहायचो. अर्ध्या तासात घड्याळात दीड हजार पावलं चढायची. घरी सगळे खूश होते.

तिथंच एके दिवशी बाबूजी माझ्यासमोर येऊन उभे राहिले. उंच, वाळलेले, उन्हानं काळवंडलेले. डोक्याला दुपट्टा गुंडाळलेला, धोतराखाली दोरखंडासारख्या पोटऱ्या, आणि खांद्यावर लोखंडी कड्यांची एक लांबलचक साखळी. जमीन मोजणीच्या खात्यात त्यांनी पस्तीस वर्षं काढली होती. जिल्ह्यातला शेताशेतांमधला धुरा न् धुरा त्यांच्या पायाखालून गेला होता. निवृत्त झाल्यावर ही तेहतीस फुटांची जुनी साखळी त्यांनी भंगारवाल्याच्या तावडीतून सोडवून आणली होती. खात्यात आता यंत्रं आली होती, साखळीला कुणी विचारत नव्हतं.

"सर," ते माझ्या हलत्या हाताकडे बघत म्हणाले, "तुमी चालाले जाऊन नाही रायले. चालाले गेल्याचं दाखवून रायले."

माझा हात थांबला. "घरी सांगाल काय?"

"मी कायले सांगू? मी मोजनीवाला हाव, चुगलीवाला नाही." त्यांनी साखळीचं एक टोक माझ्या हातात दिलं. "लोक म्हनतेत हे टपरी ते तलावाची पार एक किलोमीटर हाय. मले पटत नाही. मोजाले चला, सर."

आणि मी गेलो. चालायला चला म्हणाले असते तर मला दहा कामं आठवली असती. पण एखादी गोष्ट लोक म्हणतात तेवढी खरंच आहे का, हे पाहायला नाही म्हणणारा माणूस मी अजून बघितला नाही. बाबूजी पुढं साखळी ओढत जायचे, मी मागचं टोक खुणेवर धरायचो. ताण बसला की ते ओरडायचे, "हूं!" मग वाकून नवी खूण करायची, उठायचं, पुन्हा चालायचं. तलावाच्या पाळीवर पोचेपर्यंत शर्ट पाठीला चिकटला होता. अंतर किलोमीटरला बरंच कमी भरलं. मी घरी आलो तो साऱ्या गावाची लबाडी पकडून आल्यासारखा आलो, आणि बायकोला ते तीनदा सांगितलं. घड्याळ टपरीवरच विसरलो होतो.

बाबूजींचं सगळं तत्त्वज्ञान दोन वाक्यांत मावायचं. "मानसाले चाल म्हनलं का थो बसते. कामाची जागा दाखवली का आपसूक उठते." व्यायाम हा शब्द ते तोंडानं उच्चारायचे नाहीत. खेळाबद्दल तर त्यांचं मत माझ्यापेक्षाही कडू होतं. "खेळात कोनी ना कोनी हरतेच. दिवस उगवाच्या आंधीच मानसानं कायले हराचं?" मोजणीत मात्र कुणी हरत नाही, असं ते म्हणायचे. मी एकदा म्हटलं, "बाबूजी, तुमच्या मोजणीत निम्मी गावं हरली असतील." त्यावर ते खूप हसले आणि म्हणाले, "ते सरकारी मोजनी. हे आपली."

शाळेत असताना कबड्डीचा तास आला की ते धानाच्या बांधीत, भाताच्या खाचरात, जाऊन लपायचे. गुरुजींनी दोनदा कान धरून आणलं, तिसऱ्यांदा वैतागून हातात चुन्याचं घमेलं दिलं आणि म्हणाले, खेळत नाहीस तर मैदान तरी आख. त्यांनी मैदान इतकं सरळ आखलं की पुढची सगळी वर्षं शाळेनं त्यांना खेळायला बोलावलंच नाही. मुलं आत खेळायची आणि हा मुलगा रेषेबाहेर दोरी घेऊन फिरायचा. "खेळनाऱ्याइपेक्षा माहंच चालनं जास्त झालं," हे सांगताना त्यांची मान जराशी ताठ व्हायची.

आमच्यात तिसरे आले ते किराणावाले सेठ. हा माणूस सकाळी गल्ल्यावर बसला की रात्री दुकान वाढवायलाच उठायचा. बाबूजींनी दोनदा विचारलं तेव्हा सेठ म्हणाले, "बाबूजी, अपने से नहीं होगा. हम बैठक वाले आदमी हैं." बाबूजींनी तिसऱ्यांदा विचारलं नाही. त्याच सुमारास चौकापलीकडं एक नवं चकाचक दुकान उघडलं होतं. एका सकाळी बाबूजी सेठच्या दुकानासमोर उभं राहून मला मुद्दाम मोठ्यानं म्हणाले, "सर, शाळेच्या गेटापासून जवळचं दुकान कोनतं? लोक म्हनतेत नवं वालं."

"झूठ!" सेठ गल्ल्यावरून ओरडले. "हमारा नजदीक है!"

"मंग मोजून पाहू ना."

सेठ चप्पल घालून खाली उतरले. शाळेपासून दोन्ही दुकानांना जायला तीन-तीन वाटा, त्यात सेठला रोज एक नवी पायवाट सुचायची. महिनाभरानं बाबूजींनी निकाल सांगितला: नवं दुकान अकरा पावलं जवळ. थोडं इकडंतिकडं करून सेठचं मन राखता आलं असतं, पण मोजमापाच्या बाबतीत बाबूजी स्वतःच्या बापालाही सवलत देणारे नव्हते. सेठ दोन दिवस रुसले. तिसऱ्या दिवशी आपणहून टपरीवर हजर झाले आणि म्हणाले, "मंदिर से नापते हैं." तोवर त्यांची पँट कमरेत ढिली झाली होती.

मग आमची रोजची मोजणी सुरू झाली. चिंचेची सावली सातला किती आणि आठला किती. गाडीची शिट्टी कुठवर ऐकू येते. सेठची आरोळी कुठवर जाते. नगरसेवकानं मोकळ्या जागेत व्यायामाची यंत्रं बसवली तेव्हा आम्ही तीही बघायला गेलो. एक तरुण जागच्या जागी घामाघूम होऊन पायडल मारत होता. बाबूजींनी त्याच्याभोवती एक फेरी मारली, यंत्राच्या खाली वाकून बघितलं आणि काळजीनं विचारलं, "बापू, कवाचा चालवून रायला?" अर्धा तास झाला म्हणाला. "अन् तितलाच?" बाबूजी म्हणाले. त्या पोराची पायडल मारायची इच्छाच गेली असावी, कारण पुढच्या आठवड्यात तो आमच्यात साखळी ओढताना दिसला.

असा हा सगळ्या गल्लीला चालतं करणारा माणूस. आणि त्याच्याच घरात एक माणूस चालत नव्हतं.

भामाकाकी, म्हणजे बाबूजींची बायको, त्याच वर्षी दिवाळीत दारातल्या दोन पायऱ्यांवरून पडल्या होत्या. हातात पणत्यांचं ताट होतं म्हणून आधार घेता आला नाही. खुब्याचं हाड मोडलं. नागपूरला ऑपरेशन होऊन पट्टी बसवली, हाड जुळलं, टाके सुकले. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, आता चालल्या तर चालतील, नाहीतर खाट कायमची. आणि काकी सपरीतल्या, म्हणजे पुढच्या पडवीतल्या, खाटेवर बसल्या त्या बसल्या. चार पायांची काठी धरून कशाबशा न्हाणीपर्यंत जायच्या, तेही भिंत चाचपत. बाकी दिवसभर तिथंच. भाजी तिथंच चिरायची, दूधवाल्याशी भांडण तिथूनच.

मी पहिल्यांदा त्यांच्या घरी गेलो तेव्हा फाटकातून आत शिरतो न् शिरतो तोच सपरीतून खणखणीत आवाज आला, "थे साखळी बाहीर!" बाबूजी मुकाट्यानं मागं वळले आणि रस्त्याकडेच्या कडुनिंबाला साखळी टांगून आले. शेतकऱ्याच्या घरी साखळी येते ती वाटणीच्या दिवशी. काकींच्या माहेरचं भलंमोठं आंगण त्यांच्या डोळ्यांदेखत चार भावांत कापलं गेलं होतं, आणि त्यानंतर त्या आंगणात पुन्हा सगळे एकत्र जेवले नाहीत. साखळी आली का आंगण फुटते, असं काकी म्हणायच्या. मोजणीदाराशी लग्न लागलं तरी त्यांनी चाळीस वर्षं साखळी उंबऱ्याआत येऊ दिली नव्हती.

काकी ठेंगण्या, गोऱ्या, जिभेनं तिखट आणि हातानं सढळ. गोंदियाहून व्यायाम करवून घ्यायला एक तरुण डॉक्टरीणबाई यायची. काकी तिला पोटभर जेवू घालायच्या, डबा भरून द्यायच्या आणि पाय जागचा न हलवता परत पाठवायच्या. चाला म्हटलं की एकच उत्तर, "काऊन चालू? कुटी जाचं हाय मले?"

या प्रश्नापुढं बाबूजींची विद्या चालेना. जागा दाखवली की माणूस उठतं, हा त्यांचा मंत्र, आणि बायकोला दाखवायला त्यांना जागा सापडेना. त्यांनी खटपटी खूप केल्या. एकदा आत येऊन सांगितलं, "शेजारीन तुही तुळस तोडून रायली वो!" काकींनी खाटेवरूनच अशी हाक दिली की शेजारीण तीन घरं पलीकडं होती ती धावत आली. पाय कशाला हवेत, आवाज पुरत होता. मग दोघं पोवारीत, त्यांच्या घरच्या बोलीत, भांडली. आपसातलं भांडण ती नेहमी पोवारीतच करायची, त्यामुळं मला त्यातलं अर्धंच कळायचं. पण त्या दिवशी काकींचा आवाज मध्येच फुटला, तेवढं कळलं.

आणि मग बाबूजींच्या हातून ती चूक झाली. इतका शहाणा माणूस, पण आयुष्यभर एकच अवजार वापरलं की हात दुसरीकडं जातच नाही. काकींचा दुपारी डोळा लागला होता. बाबूजींनी कडुनिंबावरची साखळी काढली, हळूच आत आणली आणि खाटेपासून तुळशीपर्यंत आंगणात अंथरली. दर दोन हातांवर लाल चिंधी बांधली. आज पहिल्या चिंधीपर्यंत, उद्या दुसरीपर्यंत, असा त्यांचा बेत. काकी जाग्या झाल्या आणि बघतात तो आंगणात साखळी.

त्या ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी भिंतीकडं तोंड केलं आणि आठ दिवस बाबूजींशी शब्द बोलल्या नाहीत. न्हाणीपर्यंत जाणंही बंद केलं, सगळं खाटेवर. जे दहा-वीस पावलांचं चालणं उरलं होतं, तेही बाबूजींनी घालवलं.

त्या आठवड्यात एका सकाळी आम्ही पाळीवर बसलो होतो. साखळी नव्हती, मोजायला काही नव्हतं. बाबूजी पाण्याकडं बघत म्हणाले, "अख्खा जिल्हा मोजला, सर, म्या. नागझिऱ्याच्या जंगलाच्या कडंनं चाललो, इकडं अर्जुनीपावतर गेलो. अन् घरच्या बाईले खाटंपासून तुळसीपावतर नाही नेता येऊन रायलं मले." आणि ते रडले. सत्तरीचा माणूस, दुपट्ट्याचं टोक डोळ्यांना लावून, खांदे हलवत. मी त्यांच्या पाठीवर हात ठेवून बसून राहिलो. या माणसानं मला माझे पाय परत दिले होते आणि मला त्याच्यासाठी काही करता येत नव्हतं, याचं मला फार वाईट वाटलं.

खरं कारण काढलं ते माझ्या बायकोनं, वड्या शिकायच्या निमित्तानं काकींजवळ बसून. काकी तिला म्हणाल्या होत्या, "पुढं पाय उचलला का मले पायऱ्या दिसतेत, बाई. सपाट जागंवर बी दिसतेत. मंग भोवर येते." म्हणजे कुठं जायचं आहे हा प्रश्नच नव्हता. पुढं जायचीच भीती होती, आणि साऱ्या घराला धाकात ठेवणाऱ्या बाईला ती भीती नवऱ्याजवळ बोलून दाखवायची लाज वाटत होती. बायकोनं मला सांगितलं, मी बाबूजींना सांगितलं. त्यांनी डोक्याचा दुपट्टा सोडून हातात घेतला. मग म्हणाले, "मी तं पुढंच ओढून रायलो होतो तिले."

जुलैत धानाची रोवणी लागली. गोरेगावकडं काकींच्या भाच्याची शेती होती. बाबूजी म्हणाले, हिला जरा हवापालट होईल. मी माझी गाडी काढली. काकींना उचलूनच गाडीत बसवलं आणि तिथं पोचल्यावर बांधीला लागून जी रुंद गाडीवाट होती, तिच्यावर प्लास्टिकच्या खुर्चीत बसवलं. समोर चिखलात दहा-बारा बाया ओळीनं वाकून पऱ्हे, म्हणजे धानाची रोपं, रोवत होत्या. रोवणीत बाई नेहमी मागं मागं सरकत जाते. पुढं गेलं तर स्वतः रोवलेलंच तुडवलं जाईल.

काकींनी सगळ्या ओळींवरून एकदा नजर फिरवली. मग त्यांचं बोलणं सुरू झालं. हिची ओळ वाकडी, तिचं रोप वर राहिलं. कडेला दोन नव्या नवऱ्या होत्या, त्या दर चार पावलांनी चिखलात फतकल मारत होत्या आणि हसत होत्या.

"अवो पोरीहो, टाच कायले टेकवून रायल्या?" काकी ओरडल्या. "अंगठा पयले! अंगठ्यानं जागा चाचपाची, मंग पाय!"

"कसं वो मावसी?" एकीनं विचारलं. "दाखवा ना."

आणि काकी उठल्या. काठी खुर्चीला टेकलेली होती, ती त्यांनी घेतली नाही. वाटेवर पऱ्ह्यांची एक पेंडी पडली होती, ती भाच्याकडून मागून डाव्या हातात घेतली, आणि त्या पोरींकडं तोंड करून मागं एक पाऊल टाकलं. आधी अंगठा, मग चवडा, मग टाच. मग दुसरं. "असं. मांगं पाहाचं नाही. पायाले माहीत असते." तिसरं. चौथं.

भाचा धावायला निघाला होता. बाबूजींनी हात आडवा करून त्याला थांबवलं. मी त्यांच्याकडं बघितलं. मांजर रस्ता ओलांडून गेलं तरी ज्यांचे ओठ आकडे पुटपुटायचे, ते बाबूजी गप्प होते. त्यांनी मोजलं नाही. फक्त हलक्या पावलांनी काकींच्या समोर गेले, आणि सातव्या-आठव्या पावलाला काकींना एकदम भान येऊन त्या डगमगल्या, तेव्हा त्यांच्यापुढं दोन्ही तळहात पसरून उभे होते. काकींनी त्यांवर हात ठेवले.

"चाल वो," बाबूजी म्हणाले, "मी पाहून रायलो तुह्या मांगचं."

नव्या नवऱ्यांना यातलं काही कळलं नाही. त्या पुन्हा फतकल मारून हसत होत्या. मी गाडीच्या आडोशाला जाऊन डोळे पुसून आलो.

दुसऱ्या दिवसापासून आमच्या गल्लीत नवं दृश्य सुरू झालं. काकी मागं मागं चालताहेत, त्यांचे हात बाबूजींच्या उघड्या तळव्यांवर, आणि बाबूजी समोरून चालत त्यांच्या पाठीमागचा रस्ता त्यांना सांगताहेत. "डाव्या बाजूनं घे, गाय हाय. आता नाली आली, पाय मोठा टाक. सेठ उभे हायेत, त्याइले धडकू नोको, नुकसान त्याइचंच होईल." पोरं सुरुवातीला मागं लागली, हसली, आणि मग स्वतःच उलटी चालू लागली. आठवडाभर गल्लीत कोण कुणावर आपटेल याचा नेम नव्हता. डॉक्टरीणबाईंनी येऊन बघितलं, आधी घाबरल्या, मग म्हणाल्या, चालू दे, कुणीतरी समोर असलं म्हणजे झालं. सहा महिन्यांनी काकी स्वयंपाकघरात सरळही चालू लागल्या, भिंतीला हात लावून. पण रस्त्यावर मात्र उलट्याच. सरळ चालायला मग नवरा कशाला हवा, असं त्या माझ्या बायकोला म्हणाल्या आणि लाजल्या.

साखळी कडुनिंबावरच राहिली. सेठ आणि मी दोघंच आपल्या पावलांनी मोजायला जायचो. बाबूजी एका फेरीनंतर येतो म्हणायचे आणि यायचे नाहीत. दोन वर्षं हे असं सुरळीत चाललं.

मग मुलीचं बाळंतपण आलं आणि आम्ही नवरा-बायको चार महिने पुण्याला जाऊन राहिलो. बाबूजींचे हात थरथरतात, असं सेठनं एकदा फोनवर सांगितलं होतं. वय झालं, मी म्हणालो. त्याच वर्षी पावसाळ्याआधी बाबूजींच्या मुलानं त्या दोघांना इलाजासाठी आपल्याकडं रायपूरला नेलं, आणि दिवाळीच्या सुमारास तिथून बाबूजी गेल्याचा फोन आला. पण माझ्या डोळ्यांसमोर ते उरलेत ते आम्ही पुण्याहून परतलो त्या सकाळचे, होळीनंतरच्या उन्हातले.

बायको सामान घेऊन ऑटोनं पुढं गेली होती. मी गल्लीच्या तोंडाशी उतरून पायी निघालो. लांबूनच दोघं दिसली. काकी मागं मागं येताहेत, बाबूजी समोर, हातात हात. चार महिन्यांत काही बदललं नाही, म्हणून मला इतकं बरं वाटलं की मी पावलं उचलली. जवळ आलो तसं आधी बाबूजींच्या चपलांकडं लक्ष गेलं. त्या जमिनीवरून उचलल्या जात नव्हत्या, घासत येत होत्या. मग हात दिसले. पूर्वी काकींचे हात त्यांच्या तळव्यांवर नुसते टेकलेले असायचे. आता काकींनी त्यांची दोन्ही मनगटं घट्ट धरली होती.

सेठच्या दुकानासमोर नालीवरची फरशी आली आणि बाबूजींचे पाय थांबले. रोवून ठेवल्यासारखे. चेहरा नुसता समोर लागलेला. काकींनी ओढलं नाही. त्या जागीच उभ्या राहून हळूहळू डुलू लागल्या, एका पायावरून दुसऱ्या पायावर, आणि त्यांच्यासोबत बाबूजीही डुलू लागले. तीन-चार वेळा तसं झालं आणि त्यांचा एक पाय सुटला, फरशीवर आला. मग दुसरा. सेठ दुकानातून उतरले, काकींच्या पाठीमागं उभी असलेली स्कूटर न बोलता बाजूला घेतली आणि परत जाऊन बसले. त्यांना हे रोजचं झालं होतं.

बाबूजींना मी दिसलो. ओळख पटायला क्षणभर लागला.

"सर! कवा आले?" आवाज अगदी बारीक झाला होता.

"आत्ताच, बाबूजी."

"पाहा," ते काकींकडं मान करून म्हणाले, आणि त्या थिजलेल्या चेहऱ्यावर कुठूनसं हसू आलं, "पाहा कसी चालून रायली! डाक्टरनं तं हात टेकले होते. पन म्या सोडली नाही हिले."

काकींनी माझ्याकडं बघितलं. घामानं कपाळावरचं कुंकू ओघळलं होतं, दम लागला होता. एक शब्द बोलू नका, असं त्यांचे डोळे सांगत होते.

"तुमच्यामुळंच बाबूजी," मी म्हणालो.

"आता सोडून पाहू काय हात?" त्यांनी काकींना विचारलं. "चालशील तू एकटी."

काकींच्या बोटांची पकड त्यांच्या मनगटांवर आणखी आवळली.

"नोको, नोको," त्या म्हणाल्या. "सोडू नोका बापा. पडीन मी."